फुग्यावरचे बाबा

१० जानेवारी १९८३, सोमवार

कागद आला नाहीच. सामंतसरांनी (मु.अ.) कपाट उघडून दाखवलं, जणू मी त्यांना खोटं ठरवत होते. आत नकाशांच्या काठ्या आणि झुरळं. वर म्हणाले, "चित्रकलेच्या तासाला गाणी घ्या की, बाई." माझा आवाज त्यांनी ऐकलेला नाही, नाहीतर असलं धाडस केलं नसतं.

मुलांना 'घरून आणा' म्हणायची सोय नाही. तिसरी ब म्हणजे सगळी लालबाग-परळची गिरणीतली घरं. संपाला वर्ष होत आलं. मधल्या सुट्टीत डबे उघडतात तेव्हा मी मुद्दाम खिडकीबाहेर बघते.

येताना चिंचपोकळीच्या पुलापाशी फुगेवाला होता. एक पुडी घेतली. कशाला घेतली ते माझं मलाही ठाऊक नाही.

११ जाने., मंगळवार

ठाऊक झालं! न फुगवलेल्या फुग्यावर बॉलपेनने बारीक चेहरा काढायचा, मग फुगवायचा. नाकडोळे बघता बघता मोठे होतात, मिशी पार कानापर्यंत जाते. वर्ग नुसता किंचाळत होता. शेजारच्या वर्गावरच्या बाई दोनदा डोकावल्या, दुसऱ्यांदा हसत. लहान चित्र मोठं करणं मी दरवर्षी फळ्यावर चौकोन आखून शिकवते आणि दरवर्षी ते वाया जातं. आज एका फुंकरीत काम झालं.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "म्हणजे महापालिका तुला फुगे फुगवायचा पगार देते." ह्यांच्या बँकेत तर काय, देशच चालतो ना. बोलले तसं. मग दोघंही हसलो.

१४ जाने., शुक्र.

तिळगूळ म्हणजे हलव्याचे दोन-दोन दाणे. ते खाऊन झाल्यावर वर्ग रस्त्यावर नेला. सामंतसरांना 'परिसर अभ्यास' सांगितलं.

भिंती बघितल्या. सिनेमाचं पोस्टर, साडीची जाहिरात, मिठाईवाल्याच्या पाटीवरची लक्ष्मी, आणि संपाच्या घोषणा, एकावर एक चिकटवलेल्या. विचारलं, हे चित्र तुमच्याकडून काय मागतं? मग एक जण म्हणाला, हिरो म्हणतो तिकीट काढ. साडीवाली म्हणते मला बघ. लक्ष्मी म्हणते पेढे घे. "आणि घोषणा?" त्यावर मागून कोणीतरी म्हणालं, "ती म्हणते घरी बस." मी हसू आवरलं.

पुस्तकातल्या फळांच्या टोपलीपेक्षा ह्या भिंती ह्यांना जास्त शिकवतात. हे कुठे तरी नीट लिहायला हवं एकदा...

१८ जाने., मंगळ.

आज संपाला वर्ष झालं. सकाळी लालबागला नुसते पोलीस.

'आपले बाबा' असा विषय दिला, फुग्यावरच. सगळ्यांचे बाबा एकाच पोस्टरमधून उतरलेले! तीच मिशी, तीच एक भुवई वर. अहो, ह्यांतले निम्मे बाबा काडीसारखे आहेत, मी ओळखते त्यांना. मला रागच आला. म्हटलं, आठवून काढायचं नाही, पोस्टर बघूनही नाही. घरी जा, बाबांच्या समोर बसा आणि बघा. जे दिसतं तेच काढायचं.

एकटी मंगल घाडी हात वर करून, "बाई, बाबांनी बघू दिलं नाही तर?"

"लपून बघ."

ही मंगल म्हणजे बोटभर पोरगी. बोलत नाही, नुसती बघत बसते, मान तिरकी करून. अशी मुलं मला फार आवडतात. आवडू नयेत एखाददुसरी जास्त, पण आवडतात.

२१ जाने., शुक्र.

नवी कल्पना: फुग्यावर वर्तमानपत्राचे तुकडे खळीने चिकटवायचे, थरावर थर. वाळलं की आतला फुगा फोडायचा, पोकळ डोकं हातात. मग रंगवायचं. प्रत्येकाने आपल्या बाबांचं डोकं करायचं.

खळीसाठी मूठभर पीठ आणा म्हटलं आणि दुपारी एक आई दारात. "बाई, मूठभर पिठाची एक भाकरी होते." एवढंच बोलून गेली. शरमेने मला जेवण गेलं नाही. मी गिरगावात राहायला गेले लग्न करून, म्हणून एवढ्यात विसरले?

लालबागला दादाकडे गेले. दादा माझा मोठा भाऊ, मिलमध्ये साच्यांवर विणकर होता. होता म्हणजे आहेच, संपात आहे. सगळ्या सभांना पुढे. पोस्टरं चिकटवून उरलेली बादलीभर खळ त्याच्याकडे होती.

"शाले, घेऊन जा. पण बादली परत दी हां. आणि काय करणार तिचं?"

"पोरांचे बाप."

"बरं. बाप टिकतील असे कर."

२५ जाने., मंगळ.

वर्गभर खळ. केसांत, बाकांवर, माझ्या साडीच्या निऱ्यांत. फुगे दोऱ्यांनी व्हरांड्यात टांगले. सामंतसर त्यांच्याखालून वाकून गेले. पाच फेब्रुवारीच्या पालकसभेला मांडूया म्हटलं, तर मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही, मी हो धरलं.

२८ जाने., शुक्र.

दोन-तीन दिवस ऊन चांगलं पडलं तेव्हा काही फुगे आधीच फुटले, डोकी ओली असताना. गाल आत गेले. मुलं रडवेली झाली. म्हटलं, राहू द्या, बाबांचे गाल आता असेच आहेत. बोलून गेले आणि जीभ चावली. पण मुलं खूष. "हो बाई, असेच आहेत!"

बाकीचे टाचणीने फोडले. सगळ्यांनी कानांवर हात घेतले. फुगा आतल्या आत सुटून मुटकुळं होतो, बारीकसा आवाज होतो एवढंच. मुलांची निराशा झाली. मोठा धडाका हवा होता त्यांना.

१ फेब्रुवारी, मंगळ.

रंग: गेरू, हळद, कोळसा, कपड्यांची नीळ. पुरले. घरी बसून बघून आलेले बाबा. एकाचे डोळे मिटलेले ("ते झोपूनच असतात"), एकाची दाढी वाढलेली, एकाच्या कपाळावर आठ्या, त्या पोराने कागद ओला असताना नखाने ओढल्या होत्या. मी बघत राहिले. इतक्या वर्षांत अशी चित्रं माझ्या वर्गात झाली नव्हती.

मग मंगलचं बघितलं.

तिने मुठीतून कापूस आणला होता. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांत बारीक बारीक चिकटवलेला. नाकाच्या खाली मात्र काही नाही, तोंडाभोवतीचा भाग स्वच्छ. तिथे मिलमध्ये फडकं बांधतात. आमचे अण्णा त्रासन खात्यात सूत कातायचे, ते रोज संध्याकाळी अगदी असेच घरी यायचे. आई उंबऱ्यातच त्यांचं डोकं झाडायची.

"मंगल, हे कधी बघितलंस?"

"सकाळी, बाई. बाबा येतात ना, तेव्हा आई त्यांना मोरीत नेते डोकं धुवायला. त्याच्या आधी बघितलं. लपून."

घाडी रात्री अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत वॉचमन आहेत, असं सगळी चाळ समजते. वॉचमनच्या पापण्यांवर कापूस कुठून येईल? माणूस गुपचूप कामावर जातोय. संप मोडून.

डोकं मी कपाटात ठेवलं. "वाळायला," म्हटलं. कपाटात कधी काही वाळतं का. ती मान तिरकी करून माझ्याकडे बघत होती.

२ फेब्रु., बुध.

मंगलची आई शाळा सुटल्यावर आली. पोरीने घरी कौतुकाने सांगितलं असणार. पदर तोंडाशी धरून भिंतीला चिकटून उभी.

"बाई, चेडवाचो काय दोष नाय. ह्या कोणाक सांगूचा नाय, असा तिका आम्ही कधी सांगूकच नाय. तिच्या ध्यानात येईत असा वाटलाच नाय."

मी म्हटलं, माझ्याकडून कुठे जाणार नाही.

"चाळीत कळला तर नळावर पाणी भरूक देवचे नाय. ह्यांका मारतले. गेल्या म्हयन्यात एकाचो हात मोडलो." मग एकदम, "धाकट्याक दूध नाय होता ओ, बाई."

संप मोडणारा म्हणजे कोण, हे मी लहानपणापासून ऐकत आले. अण्णा असल्या माणसाचं नावसुद्धा घेत नसत, थुंकत. आणि ही बाई समोर उभी, तिच्या चपलेला सुतळी. मला तिचाच कळवळा आला. अण्णांनी माफ करावं, नाहीतर करू नये.

३ फेब्रु.

मंगलला सांगायचं, कापूस काढून टाक? काय कारण सांगू? जे दिसतं तेच काढ म्हणून मीच डोकं खाल्लं. आता म्हणू, जे दिसतं ते लपव? आठ वर्षांची आहे. एकदा असं सांगितलं की ही पोरगी पुन्हा कधी नीट बघणार नाही, मला माहीत आहे. आणि डोकं मांडलंच नाही तर विचारेल सगळ्यांसमोर, माझं कुठेय.

दुपारी सुचलं. सगळ्यांच्याच डोक्यांना कापूस लावायचा! मिलमधून घरी येणारे बाबा, असं नाव द्यायचं. पन्नास डोक्यांत एक काय कळणार. स्वतःवर इतकी खूष झाले की येताना बसचा स्टॉप चुकला.

४ फेब्रु., शुक्र.

मुलांनी कापूस आणला. देवाच्या वातींचा, उशीतला, एकाने कानातला अत्तराचा. चिकटवला. दिवसभर मजा. वाळत ठेवून घरी आले.

५ फेब्रु., शनि.

पालकसभा. लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

एवढे वडील कधी येत नाहीत सभेला. यंदा सगळे मोकळे. भिंतीला लावून बाकांवर डोकी मांडली होती. आधी नुसता गलका. जो तो आपलं डोकं शोधतोय, पोरं हात धरून ओढतायत. "माजे गाल एवढे बसले काय रे?" हशा. मग एक जण मोठ्याने म्हणाला, "बाई, आमका कामावर धाडलात वाटता!" त्यावरही हसले, पण थोडेच. एक म्हातारेसे होते, त्यांनी आपल्या डोक्यावरचा कापूस बोटाने जरासा दाबून बसवला आणि तिथेच उभे राहिले. माझे डोळे भरून आले. वर्षभर ह्यांतल्या कोणाच्या केसांना कापूस लागलेला नाही, आणि मी तो वातींचा आणून लावला.

आणि माझी अक्कल तेव्हाच माझ्या लक्षात आली. सगळ्या पोरांनी आजोबांचे पांढरे केस करावेत तसे कापसाचे पुंजके थापलेले. मिशीवर, हनुवटीवर, गालांवर, कुठेही. वर्षभरात विसरली पोरं. मुळात तेव्हा लहान होती. त्या सगळ्यांत एकच डोकं खरं दिसत होतं, बारीक कापूस, तोंडाभोवती स्वच्छ. नुसतं ते एक असतं तर कदाचित पिकलेले केस समजून खपून गेलं असतं. मीच पन्नास खोटी शेजारी मांडून त्याला उठाव दिला.

दादा बादली न्यायला आला होता. बादली हातात घेऊन रांगेवरून बघत चालला होता आणि मंगलच्या डोक्यापुढे थांबला. थांबला तो थांबलाच.

"ह्या कोणी केला?"

"मी," मंगल म्हणाली. "माझे बाबा."

"कधी बघितलंस बाबांना असे?"

मी मध्ये पडायला निघाले. मंगलने माझ्याकडे बघितलं आणि मग त्याला सांगितलं, अगदी धडा म्हणून दाखवावा तसं, "बाईंनी सांगितलंय, आठवून काढायचं नाही. बघून काढायचं."

मागे तिची आई उभी होती. तिचा चेहरा मी बघू शकले नाही.

दादाने मंगलच्या डोक्यावर हात ठेवला, "बरं काढलंस," म्हणाला, आणि बादली घेऊन निघून गेला. माझ्याशी एक शब्द नाही.

७ फेब्रु., सोम.

शाळा सुटल्यावर लालबागला गेले. दादा घरी नव्हता. वहिनी म्हणाल्या, "कालपासून नीट जेवले नाहीत. कुणाकडे तरी जाऊन येतो म्हणाले." कुणाकडे ते त्यांना ठाऊक नाही. चहा घेतला नाही मी, परत आले. हे म्हणाले, "तुझा दादा काही गुंड नाही." नाही. पण त्याच्या बरोबरचे?

८ फेब्रु., मंगळ.

मंगल आली नाही. बाकावरची शेजारीण म्हणाली, "बाई, तिच्याकडे काल एक माणूस आलेला. उंच. मग तिची आई रडत होती."

दादा उंच आहे.

तासाला मी फुगे वाटले आणि नुसती बसून राहिले. मुलं आपापली खेळली. सामंतसर दारातून बघून गेले, बोलले नाहीत. कधीकधी बरा माणूस आहे.

११ फेब्रु., शुक्र.

आजही नाही. मला जावं असं वाटतं आणि पाय उचलत नाही. जाऊन सांगू काय? माझ्या भावाला मीच डोकं दाखवलं. शेजारीण म्हणते, "मंगल गावाला जाणार, बाई. देवगडला, आजीकडे. सोमवारी एसटी आहे."

घाडी तिला पाठवतात म्हणजे घाबरलेत. शाळा सुटली तिची. तिकडे कोण तिला बाकावर बसवणार आणि कोण म्हणणार बघ म्हणून. मला दादाचा इतका राग आला की स्टोव्ह तीनदा विझवला.

१३ फेब्रु., रवि.

दादा आला. गिरगावात तो सणाशिवाय येत नाही. हे भाजी आणायला गेले होते. मी दारातच सुरू केलं. म्हटलं, शोभतं का तुला, लहान पोरीचं चित्र बघून माणूस पकडायला गेलास. तिला गावाला धाडतायत तुझ्या भीतीने. अण्णा असते तर...

तो ऐकून घेत होता. पाण्याचा तांब्या पुढे केला तर तोही नुसता धरून बसला.

"शाले, मी मारूक नव्हतंय गेलो."

"मग?"

"दोनदा गेलंय. पयल्यांदा तो झोपलेलो. दुसऱ्यांदा त्याची बायको पाया पडूक लागली. मग माझ्या तोंडातना शब्दच फुटाक नाय. उंबऱ्यातसूनच परत इलंय."

"कसला शब्द?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "त्याच्या खात्यात अजून माणूस घेतत काय, ता विचारूचा होता."

हा दादा. सभेत पहिल्या रांगेत बसणारा, पोलिसांची काठी खाल्लेला. वहिनींनी मंगळसूत्र कधीच मोडलंय, आज दादा बोलला तेव्हा मला कळलं, काळी पोत आहे नुसती आणि मी बघितलं नाही. मीच, सगळ्यांना बघायला शिकवणारी.

"तू विचार," म्हणाला. "बाईमाणसाशी बोलतली ती. मी परत गेलंय तर पोरांका घेवन पळतली." मग, "वहिनीक बोलू नको. कोणाकच नको."

मी रडले. तो नाही रडला. हे आले तेव्हा तो जिन्यात होता, जेवून जा म्हटलं तर थांबला नाही. दादाने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही. पहिल्यांदा मागितलं ते हे.

१४ फेब्रु., सोम.

अर्धी रजा टाकली. घाडींची चाळ. वर जाताना नळावरच्या बायकांनी बघितलं, शाळेतल्या बाई म्हणून बाजूला झाल्या. खोलीच्या दारात ट्रंक आणि वळकटी बांधून ठेवलेली. मंगल नवा फ्रॉक घालून ट्रंकेवर बसलेली, धाकटा मांडीवर. मला बघून उठली.

तिची आई दारात आडवी उभी राहिली. आवाज हळू. "बाई, आमी चेडवाक पाठवतंव. तुमच्या भावाक सांगा, आमच्या मागे लागा नको. आता आणखी काय होया त्याका?"

काय काय ठरवून गेले होते, सगळं विसरले. खाली नळावर ऐकू जाईल म्हणून तिच्याजवळ सरकले.

"वहिनी, त्याला काम हवंय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. समजलं की नाही मला कळेना, म्हणून पुन्हा म्हटलं, त्याला काम हवंय, तुमच्या यजमानांसारखं. म्हणताना मला अण्णांची आठवण झाली आणि मान वर करवेना.

मग तिने वाकून ट्रंक ओढली, मला आत यायला वाट केली. घाडी भिंतीकडे तोंड करून झोपले होते. केस ओले होते. "उठतले आता," ती म्हणाली. "बसा."

बसले. एसटीची वेळ काय, ते विचारायचा धीर झाला नाही.